उसना न्यूट्रल

आषाढी एकादशीची सकाळ. आई खाली हॉलमध्ये टीव्हीवर पंढरपूरची पूजा बघत बसलेली, ही स्वयंपाकघरात साबुदाणा परतत होती आणि मी वरच्या मजल्यावर आंघोळीला. अंगाला साबण लावलेला असताना बाथरूममधला बल्ब विझला, गिझरचा लाल दिवाही गेला. म्हटलं, गेली लाईट. पण खालून आरतीचा आवाज तर येतच होता. लाईट गेली तर टीव्ही कसा चालू, एवढा विचार मनात येईपर्यंत खाली ‘फट्ट’ झालं आणि आरती मधेच तुटली.

टॉवेल गुंडाळून धावलो. टीव्हीच्या मागून बारीक धूर निघत होता, सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर तापून वाकडा झालेला आणि हॉलमधले दोन एलईडी काळे पडलेले. “पंखा एकदम गरगर फिरायला लागला रे, मला वाटलं पडतोय की काय,” आई म्हणाली. फ्रिज मात्र आपला शांतपणे घरघरत होता, जणू घरात काही झालंच नाही.

त्या सकाळच्या या चार-पाच गोष्टींत सगळं उत्तर होतं, म्हणजे वर अंधार, खाली पंखा सुसाट, टीव्ही गेला आणि फ्रिज वाचला. पण ते उत्तर मला वाचता आलं दीड महिन्यानं, आणि तेही एक झटका खाऊन.

आधी माझ्याबद्दल सांगतो, कारण यात थोडी लाजेची बाब आहे. नाशिक म्हणजे स्विचगिअरचं गाव. अंबड आणि सातपूरच्या पट्ट्यात ब्रेकर, पॅनल, कॉन्टॅक्टर बनवणारे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी वर्कशॉपं किती आहेत, मोजायला बसावं लागेल. अशाच एका कारखान्यात मी 26 वर्षं अकाउंट्सला आहे. सर्किट ब्रेकरची बिलं मी इतकी पास केली आहेत की पार्ट नंबर झोपेत म्हणेन. पण स्वतःच्या घरातल्या डीबीचं, म्हणजे खोल्याखोल्यांना वीज वाटणाऱ्या पेटीचं, दार शेवटचं कधी उघडलं होतं, ते आठवत नव्हतं.

घर सिडकोतलं. खालचा मजला वडिलांनी 1984 साली घेतला, वरचा 1998 साली चढवला. वर गिझर आला, पुढे एसी आला, लोड वाढला म्हणून थ्री फेज घेतला. खालचा हॉल एका फेजवर, वरचा मजला दुसऱ्यावर, फ्रिज आणि पाण्याची मोटर तिसऱ्यावर अशी वाटणी त्या वेळच्या वायरमननं करून दिली होती. वडील म्हणायचे, तीन फेज म्हणजे घराला तीन गायी, एक आटली तरी दुसरीचं दूध आहे. एक फेज गेला की ते चेंजओव्हर, म्हणजे एका फेजचा लोड दुसऱ्यावर टाकणारा स्विच, फिरवायचे आणि आजूबाजूला अंधार असताना आमच्याकडे उजेड असायचा. त्या चेंजओव्हरचा मला तेव्हा केवढा अभिमान होता!

एकादशीच्या दुपारी तक्रार केली. वीजवाले संध्याकाळी आले, मीटरपाशी तिन्ही फेज मोजले: 232, 235, 229. “इथपर्यंत सगळं ठीक आहे. पुढचं तुमचं घर,” असं म्हणून निघून गेले. मला राग आला. पण ते खरंच बोलत होते, हे आता लिहायला हरकत नाही.

मग कोपऱ्यावरचा एक इलेक्ट्रिशियन बोलावला. त्यानं जिन्यातला जंक्शन बॉक्स उघडला, आत काहीतरी पिळलं, वर नवीन टेप गुंडाळली. वरचा मजला चालू झाला. “लूज कॉन्टॅक्ट होता. आणि टीव्ही हाय व्होल्टेजनं गेला. एकादशीला लोड कमी असतो ना, व्होल्टेज वाढतं.” लूज कॉन्टॅक्ट आणि हाय व्होल्टेज ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत, हे ना त्याला सुचलं, ना मला. त्याला तीनशे रुपये दिले आणि नवीन टीव्हीच्या हप्त्यांचा हिशेब करायला बसलो.

याच सुमारास वॉशिंग मशिनला हात लावला की हिला मुंग्या यायला लागल्या. म्हटलं, आता एकदाचं आरसीसीबी बसवूनच टाकू. आमच्या फॅक्टरीत सेफ्टीच्या ट्रेनिंगमध्ये दर वर्षी ऐकलेलं असतं. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. मधे 30 मिलिअँपिअरचा जरी फरक पडला तरी आरसीसीबी क्षणात सप्लाय तोडतो, कारण तो गायब करंट कोणाच्या तरी अंगातून जमिनीत जात असू शकतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही घरगुती जोडणीला हाच 30 मिलिअँपिअरचा आकडा आहे. मला ही कल्पना फार आवडलेली, कारण ती आमच्याच धंद्यातली आहे. नावे आणि जमा जुळले नाहीत तर दुकान बंद!

नवीन डीबी, वरच्या मजल्याला एक आरसीसीबी, खालच्याला एक. त्याच इलेक्ट्रिशियननं बसवले. मेन वर केला, सगळं ठीक. ही वर गेली, बेडरूमचा दिवा लावला आणि दोन्ही आरसीसीबी एकदम पडले. पुन्हा उचलले, पुन्हा पडले. दुकानात जाऊन बदलून आणले, तरी तेच. “पीस खराब आहेत साहेब, हल्ली मालच असा येतो,” तो म्हणाला. एकाच वेळी दोन, मग बदललेले दोन, असे चारही पीस खराब? माझ्यासारख्या हिशेबनिसाला हे खटकायला हवं होतं. त्यानं दोन्ही आरसीसीबींना बगल देऊन वायरी डायरेक्ट केल्या. आणि मी, दर वर्षी सेफ्टी ट्रेनिंगच्या हजेरीपटावर सही करणारा माणूस, तसाच तीन आठवडे राहिलो. डीबीत पांढरेशुभ्र आरसीसीबी शोभेला होते.

श्रावणातल्या एका रविवारी जिन्यात जळका वास आला. बॉक्सचं झाकण किंचित पिवळं पडलेलं. वरच्या मजल्याचं काम म्हणून वरच्या मजल्याची एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, खाली पाडली, स्टूल घेतलं, झाकण काढलं. टेस्टर लावला. लाल वायरीला काही नाही, काळ्यांच्या जुडग्यालाही काही नाही. टेप सोडवली. आत चार-पाच काळ्या वायरींचा पीळ, एका बाजूनं भाजलेल्या वांग्यासारखा. वाटलं, सोडवून नीट पिळू. पक्कडीनं पीळ मोकळा केला, डावा हात आधाराला ओल्या भिंतीवर होता, आणि उजव्या हाताची बोटं एका सुट्या काळ्या टोकाला लागली.

झटका कसा असतो ते सांगता येत नाही. दंडापासून खांद्यापर्यंत कोणीतरी ओली गोधडी पिळावी तसं काहीतरी. मी स्टुलावरून खाली, पक्कड चार पायऱ्या खाली. खालून आईचा आवाज: “लाईट गेली का रे?”

वरची एमसीबी बंद, टेस्टर कोरा, वायर काळी. तरी शॉक! आणि लाईट गेली ती खालची, जिला मी हातही लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात दंड चोळत बसलो होतो तर मेंटेनन्सच्या माणसानं विचारलं. सगळं ऐकून तो म्हणाला, “अण्णांना बोलवा. बाकी कोणाला हात लावू देऊ नका.” अण्णा म्हणजे हिरावाडीकडे राहणारे एक वायरमन, वय पासष्टच्या पुढे. खिशात तारतंत्री परवाना, प्लॅस्टिकमध्ये घडी घातलेला. आयुष्य पॅनलच्या कामात गेलेलं. सोबत सटाण्याकडचा एक पोरगा, जो दर वाक्याला ‘भो’ लावायचा.

अण्णांनी आल्या आल्या मेन पाडला. मग म्हणाले, “इन्व्हर्टर कुठंय?” जिन्याखाली. त्याचं बटण बंद केलं, पिन काढली, आउटपुटची वायरही सोडवली. मी म्हटलं, मेन तर बंद केला ना? “भाऊ, मेन बंद म्हणजे घर बंद नाही. इन्व्हर्टर दुसऱ्या घरचा जावई आहे. इकडं सुतक पडलं तरी तो जेवत बसतो.” बहुतेक घरांत इन्व्हर्टरची फक्त फेज वेगळी ओढतात आणि न्यूट्रल घरातलाच वापरतात. म्हणजे मेन बंद असतानाही पंख्यातून, दिव्यातून येणारा इन्व्हर्टरचा करंट त्याच काळ्या वायरींतून परतत असतो. तुम्ही बिनधास्त जोड सोडवता आणि मग खुर्चीवरून खाली.

मग त्यांनी तो भाजका पीळ हातात घेऊन बराच वेळ पाहिला. “उसना न्यूट्रल,” म्हणाले.

हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. 1998 साली वरचा मजला चढवताना वायरमननं डीबीतून वर नुसती फेज नेली. न्यूट्रलसाठी दुसरी वायर खालपर्यंत ओढण्याऐवजी जिन्यातल्या बॉक्समध्ये, जिथं खालच्या हॉलचा न्यूट्रल होता, तिथंच वरचा जोडून टाकला. वायर वाचली, दोन तासांचं काम वाचलं. दिवे लागले, पंखे फिरले. वडिलांनी पैसे दिले, पेढे दिले. वरचा एक फेजवर, खालचा दुसऱ्यावर, आणि दोघांची परतीची वाट एकच.

“न्यूट्रलला शॉक नसतो असं ज्यानं तुम्हाला सांगितलं ना,” अण्णा म्हणाले, “त्यानं अर्धंच सांगितलं. जोडलेला आहे तोवर नसतो.” टेस्टर कोरा का होता, ते आता कळलं. पीळ शाबूत होता तोवर काळी वायर शून्याच्या जवळ होती. पीळ सोडवताच खालच्या टीव्हीतून, पंख्यातून येणाऱ्या करंटची परतीची वाट तुटली आणि ते सुटं टोक पंख्यातून थेट फेजला बांधलेलं राहिलं. ते जमिनीत जायला वाट शोधत होतं. मी आणि ओली भिंत मिळून ती वाट झालो. आरसीसीबी चालू असता तर तिथंच पडला असता, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. डीबीतल्या बगल दिलेल्या वायरींकडे नुसतं बघितलं. तेवढं पुरलं.

“आणि नशीब समजा,” ते म्हणाले, “वरची एमसीबी बंद होती. नाहीतर दुसरा टीव्ही गेला असता.”

मग जिन्याच्या पायरीवर बसून, भिंतीवर पेन्सिलीनं आकृती काढून त्यांनी एकादशी समजावली. ती आकृती मी अजून पुसलेली नाही. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 व्होल्ट, पण दोन फेजच्या मधे 400. खालचा हॉल एका फेजवर, वरचा गिझर दुसऱ्यावर, मधे सामाईक न्यूट्रल. तो डीबीच्या बाजूनं सुटला की हॉल आणि गिझर एकामागे एक अशा माळेत येतात आणि माळेच्या दोन टोकांना 400 व्होल्ट. माळेत वाटणी समान होत नाही. ज्याचा रोध (रेझिस्टन्स) जास्त त्याला व्होल्टेज जास्त. दोन किलोवॅटच्या गिझरचा रोध 26 ओमच्या आसपास. टीव्ही, एक पंखा आणि दोन एलईडी मिळून समजा दीडशे वॉट, म्हणजे साडेतीनशे ओम. मी कॅल्क्युलेटर काढला: हॉलच्या वाट्याला 370 व्होल्ट, गिझरला जेमतेम 30. म्हणून वरचा दिवा विझला, पाणी गार पडलं, पंखा गरगरला आणि टीव्ही फुटला. आणि फ्रिज तिसऱ्या फेजवर, स्वतःच्या न्यूट्रलवर होता, म्हणून त्याला पत्ताही लागला नाही. कुठलीही एमसीबी पडली नाही, कारण ती पडावी इतका करंट वाढलाच नव्हता. एमसीबी करंट बघते, व्होल्टेज बघत नाही.

गोदावरीला पूर आला की आम्ही नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघतो. पाणी कुठवर चढलं ते त्याच्यावरून ठरतं. घरात व्होल्टेज चढलं तर बघायला असा मारुती कुठून आणायचा?

आरसीसीबीचं कोडंही त्याच आकृतीत सुटलं. वरच्या दिव्याचा करंट वरच्या आरसीसीबीतून गेला आणि परत आला खालच्यातून. वरच्याच्या वहीत नावे आहे, जमा नाही. खालच्याच्या वहीत जमा आहे, नावे नाही. दोघांनीही बरोबर तेच केलं, जे कुठलाही प्रामाणिक ऑडिटर करील. पीस एकही खराब नव्हता. खरं सांगायचं तर इतके दिवस माझ्या घरात शहाणे असे हे दोनच होते आणि त्यांनाच मी बगल दिली होती.

दुकानदाराला हे सांगितलं तर त्यानं तोडगा काढला: “मग दोन कशाला, मेनला एकच फोर पोल आरसीसीबी टाका ना. पडणार नाही.” गंमत म्हणजे हे खरं आहे. फोर पोल तिन्ही फेज आणि न्यूट्रल यांची एकत्र बेरीज करतो, आत कोणाचा करंट कोणाच्या वायरीतून आला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. एकूण ताळेबंद जुळला की तो गप्प. पण अण्णांनी मान हलवली. “ट्रिपिंग थांबेल, खरंय. पण जिन्यातला जोड तसाच राहील आणि पुढची एकादशी आहेच.” मी आयुष्यभर असे ताळेबंद बघितले आहेत, बाहेरून जुळलेले आणि आतून पोखरलेले. मला पटलं.

चेंजओव्हरचा तर मला आता घामच फुटतो. वरचा आणि खालचा वेगवेगळ्या फेजवर असतात तेव्हा सामाईक न्यूट्रलमध्ये दोघांच्या करंटची सरळ बेरीज होत नाही. फेज 120 अंशांनी पुढेमागे असतात, त्यामुळे दहा आणि दहा अँपिअर असले तर न्यूट्रलमध्ये दहाच भरतात. पण एक फेज गेला, वडिलांनी चेंजओव्हर फिरवला आणि दोन्ही मजले एकाच फेजवर आले की दहा आणि दहा सरळ वीस! गिझर, एसी, इस्त्री सगळ्यांचा परतीचा करंट त्या एका दीड स्क्वेअर मिलिमीटरच्या काळ्या वायरीत. दोन्ही एमसीबी आपापल्या फेजपुरत्या समाधानी, न्यूट्रलवर पहारा कोणाचाच नाही. तो पीळ काळा पडला तो बहुधा अशाच रात्रींत, जेव्हा आम्ही उजेडात बसून आजूबाजूच्या अंधाराकडे बघत होतो.

नियम काय सांगतो, हे मी नंतर आमच्या डिझाइनवाल्या इंजिनिअरला विचारलं. 1956 च्या इंडियन इलेक्ट्रिसिटी रूल्सपासून एक गोष्ट स्पष्ट आहे. न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज किंवा एकटा स्विच टाकायचा नाही. टाकायचाच तर फेजबरोबर एकदम तुटणारा, जोडलेला हवा. आमच्या जुन्या लोखंडी मेनमध्ये, जो अजून भिंतीवर तसाच होता, न्यूट्रलला किटकॅट फ्यूज निघाला. ती किटकॅट उडाली असती तर तिन्ही फेजचा न्यूट्रल एकदम सुटला असता आणि एकादशीला हॉलचं झालं तेच सगळ्या घराचं होऊ शकलं असतं. उसन्या न्यूट्रलबद्दल आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेचं 60364 हे मानक सांगतं की अनेक मुख्य सर्किटांना मिळून एक न्यूट्रल चालणार नाही. थ्री फेज सर्किटातून सिंगल फेजचे फाटे काढून न्यूट्रल सामाईक ठेवायचा असेल, तर ती मांडणी ओळखता आली पाहिजे आणि न्यूट्रलसकट सगळ्या जिवंत वायरी एकदम तोडणारा एक स्विच हवा. आमच्या जिन्यात या दोन्हींपैकी काही नव्हतं. ओळखायची सोय तर इतकी की वरच्या बेडरूममध्ये काळी वायर संपली म्हणून न्यूट्रलला पिवळी ओढलेली सापडली. थ्री फेजच्या घरात पिवळी म्हणजे फेज!

न्यू जर्सीतला मावसभाऊ मात्र फोनवर म्हणाला, “आमच्याकडे तर हे चालतं की, घरं बांधतानाच करतात.” तेही खरंच आहे. अमेरिकेत घरात 120-0-120 असा सप्लाय येतो, दोन फेज एकमेकांच्या बरोबर उलट. एकात 15 अँपिअर, दुसऱ्यात 10 असले तर न्यूट्रलमध्ये फक्त 5. तांबं वाचतं, म्हणून त्यांच्या वायरिंगच्या नियमावलीनं, म्हणजे कोडनं, ते मान्य केलं. पण 2008 च्या आवृत्तीपासून तिथं अशा सर्किटाचे दोन्ही फेज एकदम तुटलेच पाहिजेत असा दंडक आहे आणि त्यांच्या वायरी डीबीत एकत्र बांधून ठेवाव्या लागतात. शिवाय एखादं सॉकेट काढलं तर न्यूट्रलची साखळी तुटता कामा नये. म्हणजे सामाईक न्यूट्रल त्यांच्याकडे आहे, पण तो लिखापढी केलेला व्यवहार आहे. आमचा म्हणजे शेजाऱ्याकडून न विचारता नेलेली साखर.

काम चार दिवस चाललं. पहिला अख्खा दिवस नुसता शोधण्यात गेला आणि मला तो सगळ्यात आवडला. अण्णांनी सगळा सप्लाय तोडला, तपासला, डीबीतले सगळे न्यूट्रल पट्टीवरून सोडवून हवेत ठेवले, प्रत्येकाला मास्किंग टेपची चिठ्ठी. घरातलं झाडून सगळं अनप्लग, सगळी बटणं बंद, गिझर आणि एसीच्या वायरीही सुट्या. मग मल्टिमीटर बझरवर लावून एकेक जोडी तपासायची. दोन वेगळ्या सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांना लागता कामा नयेत. पोरगा टोकं धरणार, मी वहीत लिहिणार. खालचा हॉल आणि स्वयंपाकघर: गप्प. खालचा हॉल आणि वरचा बेडरूम: टीईईई. “हे बघ भो, ह्यांचं लफडं आहे,” पोरगा म्हणायचा. दुपारपर्यंत माझ्या वहीत सहा लफडी जमा झाली. त्यातलं एक तर मागच्या दारावरच्या दिव्याचं, जो फेज मोटरच्या सर्किटातून घ्यायचा आणि न्यूट्रल बाथरूममधून.

पुढचे दोन दिवस वायरी ओढण्याचे. खालचं मूळ वायरिंग सागवानी पट्टीवर क्लिपा मारलेलं, ते पूर्ण काढलं. वरच्या नळ्यांत एक वायर सुद्धा जास्तीची शिरेना. स्प्रिंग अर्ध्यात अडकायची, पोरगा एका टोकाला ओढतोय, अण्णा दुसऱ्या टोकाला साबणाचं पाणी लावून ढकलतायत. दोन ठिकाणी शेवटी झिऱ्या माराव्या लागल्या आणि हिनं गणपतीच्या तोंडावर घरभर सिमेंटची धूळ झाल्याबद्दल मला ऐकवलं. 90 मीटरची तीन बंडलं गेली. प्रत्येक सर्किटाचा फेज आणि न्यूट्रल एकाच नळीतून, सोबत. डीबीत प्रत्येक आरसीसीबीला स्वतःची न्यूट्रल पट्टी. वरच्यांचे न्यूट्रल वरच्या पट्टीवर, खालच्यांचे खालच्या. इन्व्हर्टरच्या आउटपुटचेही फेज-न्यूट्रल दोन्ही वेगळे. वॉशिंग मशिनच्या मुंग्यांचं कारण निघालं अर्थिंग. सॉकेटमागे हिरवी वायर होती, पण ती भिंतीच्या आत कुठंच गेलेली नव्हती. नुसती दाखवायला.

शेवटी मेगर. 500 व्होल्टवर इन्सुलेशन तपासायचं. अण्णा जुना हिशेब वापरतात: 50 भागिले पॉइंटची संख्या, इतके मेगओम तरी हवेत, पण 1 पेक्षा जास्त मागायचे नाहीत. आमचे पॉइंट 34, म्हणजे जवळपास दीड येतं, म्हणून 1 धरायचा. सगळीकडे काटा झपकन वर गेला. वरच्या बाथरूमपाशी 0.4 वर लंगडला. बोर्ड उघडला तर मागे पावसाचं पाणी झिरपलेलं आणि एक पाल वाळलेली. बोर्ड पुसून, वाळवून, जागा हलवून पुन्हा घेतलं तेव्हा चढला.

एकूण 43 हजार रुपये गेले. टीव्ही वेगळा.

आरसीसीबी चालू केले. वरचा दिवा, काही नाही. गिझर, काही नाही. अण्णांनी टेस्टचं बटण दाबून दोन्ही पाडून दाखवले आणि महिन्यातून एकदा दाबायला सांगितलं. डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला मी माझ्या अक्षरात तक्ता चिकटवला, कुठली एमसीबी कुठल्या खोलीची.

ते गेले आणि संध्याकाळी सातला आईनं देवापाशी दिवा लावला, मग जिन्याचं बटण दाबलं. दोन्ही आरसीसीबी पडले.

खरं सांगतो, त्या क्षणी मला पुन्हा डायरेक्ट करायचा मोह झाला. अण्णांना फोन केला. ते पोटभर हसले. “जिन्याचा दिवा राहिला का? हात्तिच्या! टू-वे आहे ना तो? वरच्या बटणाला फेज खालून दिलाय आणि दिव्याला न्यूट्रल वरून. सगळ्या गावात तसंच करतात.” पहिल्या दिवशी बझर लावला तेव्हा दिव्याचं बटण बंद होतं आणि दिव्याचा न्यूट्रल वरच्या पट्टीशी इमानानं जुळत होता, म्हणून माझ्या वहीत हे लफडं आलंच नाही. बल्बमधून दोन घरांचं नातं जुळलेलं आम्हाला दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन त्यांनी अर्ध्या तासात दिव्याचा न्यूट्रल खालच्या पट्टीवर आणला. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. जाताना तो भाजका पीळ त्यांनी पिशवीत टाकला होता, तो मी मागून घेतला. ऑफिसच्या खणात स्टेपलरच्या बाजूला ठेवला आहे. तक्त्यात शेवटची ओळ वाढवली: ‘जिना – खालचा मजला’. आई आता वर जाताना खालून लावते आणि वर पोचल्यावर वरून विझवते. पहिले काही दिवस बटण दाबून क्षणभर थांबायची, डीबीच्या दिशेनं कान लावून.